कुंपणावरचं गिलकं आणि कोपऱ्यावरच्या वहिनी

"अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावरच्या वहिनींनी शांपू सोडला."

काकूंनी ही बातमी इतक्या दबक्या आवाजात दिली की मला वाटलं, वहिनींनी नवराच सोडला.

"सोडला म्हणजे?"

"म्हणजे सगळंच सोडलंय. पेस्ट, फेसवॉश, बॉडीवॉश, ते काखेत मारायचं फुसफुस. आता म्हणे सगळं इको-फ्रेंडली. काल रद्दीवाला आला होता ना, त्याची हातगाडी बघायला हवी होतीस. निम्मी ह्यांच्याच खोक्यांनी भरली."

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या जुन्या रो-हाऊसच्या ओळीत कंपाउंडची भिंत छातीएवढीच आहे, कोपरं टेकून बोलायला अगदी मापाची. मध्ये गिलक्याचा वेल. वेल लावला काकूंनी, गिलकी लागतात माझ्या बाजूला, त्यामुळे दोन्ही घरांना बोलणं सोडून चालत नाही.

खोकी मीही पाहिली होती. रद्दीचा भाव विचारायच्या निमित्ताने जरा पुढे गेले होते एवढंच. बांबूचे ब्रश, काचेच्या बरणीत दात घासायच्या गोळ्या, शांपूची वडी, लाकडी कंगवा, काथ्याचा घासणा. प्रत्येक वस्तूला वेगळा पुठ्ठा, पुठ्ठ्यात बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि वर हातभर चिकटपट्टी. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

"आणि जुन्या बाटल्यांचं काय केलं?"

"तेच तर सांगतेय! अर्ध्या भरलेल्या होत्या, दिल्या घंटागाडीत. गाडीवरचा पोरगासुद्धा बघत राहिला. आम्ही बाई तेलाची बाटली उन्हात उलटी करून ठेवणारी माणसं. शांपू संपला की बाटलीत पाणी घालून हलवायचं, अजून दोन अंघोळी निघतात."

इथे मी पूर्णपणे काकूंच्या बाजूची. ती बाटली बनवायला जे तेल, जे पाणी, जे प्लास्टिक लागायचं ते कधीच लागून गेलंय. ती फेकून वर नवीन आणली की पर्यावरणाला दोनदा भुर्दंड. आधी घरातलं संपवावं, मग बदलावं. ह्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ह्याची जाहिरातही कुणी करत नाही.

काकूंचं दुसरं दुखणं कांद्याचं. त्यांचं माहेर निफाड तालुक्यातलं, लासलगाव हाकेच्या अंतरावर. "भाव पडला की आमच्या भावाला ट्रॅक्टरच्या डिझेलचेही पैसे सुटत नाहीत गं. आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ आमच्या दारात. आणि ही बाई कांद्याच्या तेलाची एवढीशी बाटली चारशेला घेऊन आली!"

"मग भावाला सांगा, कांदा नको, तेल काढ."

"सांगितलं असतं. पण चष्मा लावून मागचं वाचलं मी. कांदा शेवटून तिसरा होता."

काकू बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, बारीक अक्षर वाचायची त्यांना जन्माची सवय. प्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेली असते. म्हणजे बाटलीच्या तोंडावर ज्याचं चित्र आहे, तो यादीत तळाशी सापडला तर समजायचं, चित्राचेच पैसे आहेत. हे काकूंचं ऑडिट अख्ख्या गल्लीने शिकून घ्यावं असं माझं मत आहे.

"आणि त्यावर लिहिलं होतं केमिकल-फ्री. मला सांग, केमिकल नाही तर आत काय आहे? हवा?"

पाणीसुद्धा रसायनच, पण हे वहिनींना सांगायची सोय नाही. हिरवं पान छापलं, खाकी कागद वापरला आणि 'निसर्गाच्या कुशीतून' लिहिलं की झालं. सरकारलाही शेवटी हे खटकलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमावली काढली की 'पर्यावरणपूरक', 'हरित' असले शब्द वापरायचे तर पुरावा दाखवा. खरं तर आपल्याकडे इकोमार्क नावाची सरकारी खूण १९९१ पासून आहे. तिचं चिन्ह मातीचं मडकं. २०२४ मध्ये तिचे नियमही नव्याने आले. वाण्याकडच्या फळीवर ते मडकं कुणाला दिसलंय का, विचारून बघा. काकूंना नाही दिसलं, आणि काकूंच्या नजरेतून काही सुटत नाही.

तर अशी टिंगल चालू असताना चारच दिवसांत वारं फिरलं. वहिनी स्वतः काकूंच्या दारात. डोक्याला पंचा.

"केसांना चिकटा झालाय म्हणाली. धुवावं तेवढं जास्त चिकट. ती शांपूची वडी गं."

वडीमागचा कागद मागवून घेतला आम्ही. पहिलीच नावं सोडियम पाल्मेट आणि सोडियम कोकोएट. म्हणजे पाम तेलाचा आणि खोबरेल तेलाचा साबण. नाव शांपू, पण आत साबणच. आणि वहिनींकडे अंघोळीला बोअरचं जड पाणी. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडली की फेस होण्याऐवजी साका बनतो आणि तो केसांवर बसतो. शिवाय साबण अल्कधर्मी, केसांना ते मानवत नाही. शेवटच्या तांब्यात लिंबू पिळून घेतलं तर थोडं सुटतं. साबण नसलेल्याही शांपूच्या वड्या मिळतात, त्या जड पाण्यातही चालतात. फरक ओळखायचा तो मागच्या यादीवरूनच.

पण काकू कसल्या लिंबावर थांबतात. ज्या बाईच्या खोक्यांवर त्या चार दिवस बोलत होत्या, तिला त्यांनी शिकेकाईची दीक्षा दिली.

बुधवारी गंगेवरच्या बाजारात दोघी जाऊन आल्या. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि बुधवारचा बाजार गंगेवरच भरतो.) शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, मूठभर मेथ्या. दळून आणायचा बेत होता, पण शिकेकाईला हात लावायला एकही गिरणीवाला राजी होईना. एकदा ती दळली की रांगेतल्या प्रत्येकाला सटासट शिंका येतात आणि पुढच्या माणसाच्या पिठाला वास लागतो. मग काकूंनी त्यांच्या सासूबाईंची पद्धत काढली. रिठे फोडून आतली काळी बी काढून टाकायची. सालं, शिकेकाईच्या शेंगा आणि आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची. सकाळपर्यंत पाणी काळं होतं. मंद आचेवर उकळी आणायची, कोमट झालं की हाताने चोळायचं. तेव्हा जो फेस येतो तो बघण्यासारखा. बाटलीतल्या शांपूसारखा पांढराशुभ्र, फुगलेला नाही. करडा, बारीक, हाताला बुळबुळीत लागणारा. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं.

ह्या फेसाचं श्रेय सॅपोनिनचं. रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत ते नैसर्गिकच असतं. जड पाण्यात साबण हरतो, रिठा हरत नाही, कारण त्याचा साका बनत नाही. शिकेकाई स्वभावाने किंचित आंबट, त्यामुळे केस रखरखीत होत नाहीत. वहिनींच्या बोअरच्या पाण्याला हे औषध लागू पडलं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्या दोघी आजीबाईचा बटवा विकायला बसल्या. शिकेकाई डोळ्यांत गेली की सात पिढ्या आठवतात. मोरीची फरशी तपकिरी होते. कचकचून तेल लावलेलं असेल तर एकदा धुऊन निघत नाही. आणि सकाळी आठला अंबडच्या कारखान्यात पंच मारायचा असेल, त्या मुलीने कढई कधी चढवायची? आमच्या घरात रविवारी शिकेकाई आणि मधल्या वारी शांपू, पण तळहातावर आठ आण्याच्या नाण्याएवढाच. जाहिरातीतली बाई ओंजळभर घेते, कारण तिला तो विकायचा असतो.

काकूंना मात्र एवढ्यावर चैन पडेना. यशाने माणूस चढतो. "जुनं ते सोनं" म्हणून त्यांनी वहिनींना राखुंडी सुचवली.

"काकू, राखुंडीने दातांचं वरचं कवच झिजतं."

"आमच्या सासूबाईंचे दात शेवटपर्यंत होते."

"आणि शेजारच्या आजी मिश्री लावायच्या, त्यांचं काय झालं?"

काकू गप्प झाल्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. आपल्याकडच्या कित्येक बायकांची सकाळ तिच्यावर व्हायची, अजून होते. तोंडाच्या कर्करोगाचा रस्ताच तो. ती जुनी, घरगुती, बिनप्लास्टिकची आणि नैसर्गिक. ह्यातलं एकही विशेषण तिला वाचवत नाही. तशीच बाजारातली 'काळी मेंदी'. मेंदीचा पाला काळा रंग देतच नाही, तो देतो पीपीडी नावाचा रंग. एखाद्याच्या अंगाला सोसला नाही तर फोड येतात. कानामागे थोडी लावून दोन दिवस वाट बघावी, मग लग्नाला मिरवावं.

दातांपुरतं माझं मत सरळ आहे. साधी फ्लोराइडची पेस्ट हरभऱ्याएवढी घ्यावी आणि नळ बंद ठेवून दात घासावेत. बांबूच्या ब्रशचा गवगवा जरा जास्त आहे. दांडी बांबूची, ती मातीत जाते, पण केस बहुतेक ब्रशांचे नायलॉनचेच. कुंडीत पुरायचा असेल तर पकडीने केस उपटून काढायला हवेत. आमच्याकडे प्लास्टिकचा जुना ब्रश आधी नळाच्या कडा घासतो, मग सायकलची चेन, मग परकराची नाडी ओवतो, आणि त्यानंतर जातो. कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत, एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या यादीत. कागदी काडीच्या मिळतात. कानाच्या डॉक्टरांना विचारलंत तर म्हणतील, त्याही नकोत.

साबणावर मात्र थोडं थांबते, कारण तिथे खरी गंमत आहे.

"बॉडीवॉश सोडला ते बरं केलं वहिनींनी," मी म्हटलं.

"का गं? वास छान होता."

"पाणी विकत घेतो आपण. बहुतेक बाटली पाण्यानेच भरलेली, ते पाणी ट्रकने आणायचं, त्याला जाड प्लास्टिक आणि वर पंप. कागदातली साबणाची साधी वडी त्याच कामाला पुरते. ती आधीपासूनच इको-फ्रेंडली आहे, फक्त तिला कुणी तसं म्हणत नाही."

वडीतही बघून घ्यावं. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात एकूण स्निग्ध पदार्थ किमान ७६ टक्के लागतात, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्यात ६०. वेष्टनावर टीएफएम म्हणून हा आकडा छापलेला असतो. 'बाथिंग बार' लिहिलं असेल तर ४० टक्क्यांपासूनही चालतं. ती वडी ओल्या साबणदाणीत बघता बघता विरघळते, म्हणजे पैसेही मोरीत. 'जंतुनाशक' ह्या शब्दालाही भुलू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसकट १९ जंतुनाशक द्रव्यं घरगुती साबण-हँडवॉशमधून काढायला लावली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत असं कंपन्यांना दाखवता आलं नाही.

अंग घासायला हे गिलकं आहेच. वेलावर चार गिलकी मुद्दाम काढायची नाहीत, जून होऊ द्यायची. साल तपकिरी झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तोडायचं. पाण्यात भिजवून साल सोलायची, बिया झटकायच्या, आत जाळी तयार. एका गिलक्याचे तीन तुकडे होतात. वापरून झालं की दोरीवर उन्हात टाकायचं, नाहीतर कुबट वास येतो. झिजलं की कुंडीत. वहिनींनी हेच इंटरनेटवरून मागवलं होतं, सुती दोरी लावून, 'ऑरगॅनिक लूफा' म्हणून. किंमत काकूंना सांगितलेली नाही, त्यांना रक्तदाब आहे.

आता ह्या सगळ्याचं जातं कुठे, ते बघा. आपण बाटलीवरचं पुढचं नाव वाचतो, फार तर मागची यादी. पण घरातून वस्तू बाहेर पडायच्या वाटा दोनच: मोरी आणि कचऱ्याचा डबा. मोरीतलं पाणी तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या शुद्धीकरण केंद्रांत जातं, तिथून गोदावरीत. आणि सगळंच सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतं असंही नाही, नाल्यांकडे नाक धरून बघितलं की कळतं. गोदावरीच्या प्रदूषणाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. पुढे खाली नांदूरमधमेश्वरची पाणथळ. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली, थंडीत तिथे पक्षी बघायला आपण पोरांना घेऊन जातो. शहराच्या सांडपाण्यातून जाणारं नायट्रोजन आणि धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट हे पाणवेलीचं खत. नाशकात फेस करायचा आणि नांदूरला जाऊन पाणवेलीला नावं ठेवायची, असा आपला कारभार.

काकूंना त्यावरून सिंहस्थ कुंभमेळा आठवला. "२०१५ ला रामकुंडावर बघितलंय मी. डुबकी मारून झाली की लोक तिथेच पुडी फोडून डोकं धुतात. पुडी पायरीवर." शांपूची ती पुडी अनेक थरांच्या प्लास्टिकची. ती भंगारवाला उचलत नाही, कारण तिचे पैसे येत नाहीत. २०२७ च्या स्नानांना कितीतरी लोक येतील. घाटावर पुडी विकूच दिली नाही तर निम्मं काम होईल, हा काकूंचा ठराव. मी अनुमोदन दिलं आणि एक गिलकं काढून त्यांच्या हातात ठेवलं.

तेवढ्यात काका बागेत पाणी घालायला आले. आम्ही गप्प. ते आत गेल्यावर काकू भिंतीवरून आणखी पुढे झुकल्या.

"एक विचारू? आमची पुण्याची सून ते कपाचं काहीतरी वापरते म्हणाली. इश्श, मला तर ऐकूनच कसंतरी झालं."

तर आता खरा विषय निघाला. बाकी ब्रश आणि कंगव्यांनी काय फरक पडायचा तो पडो. न्हाणीघरातून निघणारा सगळ्यात जड कचरा पाळीच्या पॅडचा आहे आणि त्याच्याबद्दलच कुणी तोंड उघडत नाही. पॅडमध्ये खाली प्लास्टिकचा पापुद्रा, आत ओल शोषणारी प्लास्टिकचीच भुकटी. महिन्याला दहा धरले तर वर्षाचे १२०, पस्तीस वर्षांत ४,२०० होतात. एका बाईचे. ते कुजत नाहीत, आणि जाळले तर धूर चांगला नसतो.

कप सिलिकॉनचा, घडीचा, तीन-चारशे रुपयांपासून मिळतो. उकळत्या पाण्यातून काढून घ्यायचा. नीट ठेवला तर कित्येक वर्षं टिकतो. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी हे पूर्ण गावच जानेवारी २०२२ मध्ये पॅडमुक्त जाहीर झालं, बायकांना कप वाटून आणि वापरायला शिकवून. शिकवणं महत्त्वाचं. पहिले काही महिने अडखळायला होतं, कुणाला जमतही नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि जबरदस्तीही नको. ज्यांना जमणार नाही त्यांना धुऊन वापरायचे सुती पॅड आहेत. भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं मानकही काढलंय.

"म्हणजे आमच्या घड्याच की गं पुन्हा!"

"घड्याच. फक्त तुम्ही त्या परकराखाली लपवून सावलीत वाळवायच्या, ते करायचं नाही. कडक ऊन लागलं पाहिजे. दोरीवर उघडं."

"दोरीवर! ह्यांच्या समोर?"

"काकांच्या बनियनशेजारी."

काकू इतक्या हसल्या की वेलाची दोन पानं गळली. मग एकदम गंभीर झाल्या. "आणि पॅडच वापरणाऱ्यांनी काय करायचं?"

पुण्यात कचरावेचक बायकांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था आहे. उघडे पॅड हाताने वेगळे करायचं काम ह्याच बायकांना करावं लागतं. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड भरून थेट कंपन्यांना पाठवून दिले होते, तुमचं तुम्ही सांभाळा म्हणून. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर लिहिलेलंच होतं की कंपन्यांनी पॅडसोबत गुंडाळायची पिशवी दिली पाहिजे. पाकिटात ती कितीदा निघते, ते तुम्हीच बघा. त्याच पुण्यात लाल ठिपक्याची मोहीम निघाली. पॅड कागदात घट्ट गुंडाळायचं, वर ठळक लाल ठिपका काढायचा आणि बाकी कचऱ्यात न मिसळता वेगळं द्यायचं. उचलणाऱ्याला न उघडता कळतं.

आपल्या नाशकात घंटागाडी नव्वदच्या दशकापासून दारात येते. गाडीवरच्या माणसाला आपल्या घरातल्या प्रत्येकाचा कचरा माहीत असतो, पण त्याचं नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? तेव्हा वहिनी, काकू आणि हे वाचणाऱ्या सगळ्याजणी, बांबूचा ब्रश घ्या नाहीतर नका घेऊ. लाल स्केचपेन मात्र आजच न्हाणीघरातल्या फळीवर ठेवा, आणि उद्याच्या गाडीपासून सुरू करा.